तक्रार पत्र: डावीकडे फिरवलं की उजवीकडे वळणारा पॉवर स्टिअरिंग बॉक्स

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनशी सहाव्यांदा बोललो. सातव्यांदा बोलायची ताकद नाही, म्हणून हे पत्र.

माझ्याकडं वडिलांची 1968 ची सीजे थ्री बी जीप आहे. स्टिअरिंग उजवीकडं. जुना स्टिअरिंग बॉक्स कॅम-लिव्हरचा, म्हणजे सगळा जोर हातांचा. पन्हाळ्याच्या एका वळणात दोन्ही खांदे दुखायला लागायचे. म्हणून तुमचा रिसर्क्युलेटिंग बॉलचा, म्हणजे आत गोळ्यांवर फिरणारा पॉवर स्टिअरिंग बॉक्स, पंप आणि होजपाइप असा सेट 38,500 रुपये आगाऊ भरून मागवला. मॉडेल, साल आणि उजवं स्टिअरिंग, तिन्ही गोष्टी तुमच्याच बिलावर छापल्यात.

ब्रॅकेटची भोकं जुळली नाहीत, ती आम्ही सोसली. पंपाचा बेल्ट चढवायला क्रँकच्या पुलीला दुसरी खाचच नाही, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. दोन खाचांची पुली उद्यमनगरात लेथवर करून घेतली. मग पुढची चाकं घोडीवर उचलली, तेल भरलं, इंजिन चालू केलं. मेस्त्रींनी एका बोटानं स्टिअरिंग डावीकडं फिरवलं आणि दोन्ही टायर शांतपणे उजवीकडं वळले. मेस्त्रींनी परत फिरवलं. टायर परत उलटे. हात पुसत ते म्हणाले, "दादा, ही गाडी आरशात बघून चालवाय पायजे."

आता आजचा फोन. पोरगा नम्र होता, त्याच्यावर राग नाही.

"स्टिअरिंग जड लागतंय का, सर?"

"नाही. हलकं आहे. उलटं आहे."

"उलटं म्हणजे किती टक्के, सर?"

मी म्हटलं, शंभर. मग पाच मिनिटं सनई. सनईनंतर, "सर, इंजिन बंद करून परत चालू करून बघितलं का?" मी म्हटलं, बाळा, हा मोबाइल नाही. मग तो म्हणाला, सिस्टीममध्ये 'उलटं' असा पर्यायच नाही. 'जड', 'आवाज', 'गळती' आणि 'इतर' एवढंच आहे, 'जड' टाकू का? मी म्हटलं, 'इतर' टाक. त्यावर आवाज खाली करून म्हणाला, "इतर टाकलं की तक्रार कुणाकडंच जात नाही, सर."

हा तुमच्याकडचा एकमेव खरं बोलणारा माणूस. त्याला काढू नका.

पुढं त्याचे साहेब फोनवर आले. त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहितो: "काही ग्राहकांना हळूहळू सवय होते."

सवय! समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येतोय, उजवीकडून वडापची जीप घुसतेय, आणि मी साठीच्या वयात आधी मनात भूमिती मांडायची, की डावीकडं जायचंय म्हणजे हात उजवीकडं? साहेबांनी स्वतः येऊन बिंदू चौकातून एक चक्कर मारावी. डिझेल माझं.

एवढ्यावर न थांबता साहेब म्हणाले, लोकल मेकॅनिककडून बसवल्यामुळं वॉरंटी बसत नाही. तुमचं सर्वांत जवळचं अधिकृत केंद्र इंदूरला आहे. जीप तिथवर काय आरशात बघत न्यायची? आणि लोकल कुणाला म्हणता? दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार जिथं अजून रस्त्यावर निघते, त्या गावाला जुन्या गाडीचं काम शिकवू नका.

चूक फिटिंगची नाही. जुना आणि नवा बॉक्स टेबलावर शेजारी ठेवून दोन्हींचे शाफ्ट एकाच दिशेनं फिरवले. दोघांचे ड्रॉप आर्म, म्हणजे चाकं वळवणारे दांडे, एकमेकांच्या विरुद्ध गेले. व्हिडिओ तीनदा पाठवलाय. वर्मचे, म्हणजे बॉक्समधल्या स्क्रूसारख्या दांड्याचे, आटे उजवे की डावे, एवढाच प्रश्न आहे, आणि तुम्ही डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा बॉक्स पाठवलाय. हे तुमच्या कारखान्यातला शिकाऊ पोरगाही सांगेल. पण तक्रार 'जड' म्हणून नोंदवलीय. एका बोटानं फिरणारं स्टिअरिंग, आणि नोंद 'जड'! संध्याकाळी मेसेजही आला: आपल्या समस्येचं निवारण झालं आहे, कृपया रेटिंग द्या.

वाईट याचं वाटतं की आमच्या भावकीत तीन ट्रॅक्टरना तुमचंच स्टिअरिंग आहे. चिखलातनं भरल्या ट्रॉल्या ओढतात, कधी कुरकुर नाही. त्या विश्वासावर दुसऱ्या कुणाचा भावही विचारला नाही.

पंधरा दिवसांत योग्य बॉक्स, आणि पुली व दुबार मजुरीचे 6,200 रुपये मिळाले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते. इंदूरला यायची गरज नाही. तुम्हाला मात्र इकडं यावं लागेल.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

एक जीपमालक
राजारामपुरी, कोल्हापूर

ता. क. बॉक्स न्यायला माणूस पाठवाल तेव्हा रिकाम्या हातानं पाठवू नका. नवा बॉक्स आधी टेबलावर फिरवून बघणार, मगच हा उलटा सोडणार.