काचबिंदू एकाला, तपासणी सगळ्या भावंडांची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'घरात कुणाला काचबिंदू होता का?' या प्रश्नाला नेत्रविभागात बहुतेकदा 'नाही' असेच उत्तर मिळते आणि तेच केसपेपरवर लिहिले जाते. या 'नाही'वर विसंबू नये. आजीची नजर 'वयामुळे गेली', काकांचे 'मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, पण दिसलेच नाही', एवढेच घरच्यांना ठाऊक असते. मोतीबिंदू नीट निघूनही दिसत नसेल, तर डोळ्यामागची, मेंदूकडे दृष्टी नेणारी नस काचबिंदूने आधीच सुकलेली असू शकते. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात रुग्णांची कुटुंबेच्या कुटुंबे तपासली गेली, तेव्हा नात्यात काचबिंदू असलेल्या रुग्णांपैकी 27 टक्के लोकांना त्याची कल्पनाच नव्हती. म्हणून प्रश्न बदलावा : घरात कुणी वर्षानुवर्षे रोज डोळ्यांत थेंब घालत होते का? ऑपरेशननंतरही कुणाची नजर परतली नाही, असे झाले का?

आईवडिलांची चौकशी किमान होते तरी. भावंडे मात्र राहून जातात. वास्तविक अमेरिकेतील बाल्टिमोरच्या पाहणीत आईवडिलांना काचबिंदू असल्यास धोका सुमारे दुप्पट, तर भावंडाला असल्यास पावणेचारपटीच्या आसपास आढळला. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या 1998 सालच्या अभ्यासात रुग्णांच्या भावंडांना व मुलांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याचा धोका 22 टक्के निघाला; ज्यांच्या घरात तो नव्हता त्यांचा 2.3 टक्के.

जनुक चाचणीचा आग्रह अलीकडे वाढला आहे. मायोसिलिन या जनुकाचा काचबिंदूशी संबंध 1997 मध्ये सापडला खरा, पण मोठ्या वयातल्या रुग्णांपैकी मोजक्याच टक्क्यांत तो दोष असतो. त्यामुळे अहवाल 'निर्दोष' आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. तरुणपणीच काचबिंदू झालेल्यांच्या घराण्यात ही चाचणी उपयोगी पडते. एरवी तो पैसा डोळ्यांच्या नीट तपासणीवर खर्चावा.

नीट म्हणजे कशी? चष्म्याच्या दुकानातला नंबर किंवा शिबिरातली बॅटरी यातले काही नाही. नुसता डोळ्यातला दाब मोजणेही अपुरे, कारण तो 21 मि.मी. पाऱ्याच्या आत, म्हणजे सामान्य, असूनही नस सुकू शकते. शिवाय बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ असेल तर यंत्र दाब कमी दाखवते. म्हणून पडद्याची जाडी मोजावी, ती सरासरी 540 मायक्रॉन असते. त्यानंतर गोनिओस्कोपी, म्हणजे भिंग टेकवून डोळ्याचा कोन, जिथून डोळ्यातले पाणी निचरते ती जागा, पाहणे. ही पायरी सर्वाधिक गाळली जाते. कोन अरुंद असताना बाहुली मोठी करणारे थेंब घातले, तर दाब एकदम चढू शकतो. अरुंद कोनही घराण्यात चालतो आणि त्यावर वेळीच लेसर करता येते. कोन पाहिल्यावर बाहुली मोठी करून नस तपासावी, तिचा फोटो जपून ठेवावा, मग दृष्टिक्षेत्राची, म्हणजे समोर पाहताना आजूबाजूचे किती दिसते याची, चाचणी. ती पहिल्या खेपेला अनेकांना जमत नाही. अहवाल वाईट आल्यास घाबरण्याआधी पुन्हा करावी.

चाळिशी ओलांडलेल्या भावंडांनी आताच यावे, मुलांनी पस्तिशीपासून, आणि सगळे ठीक निघाले तरी दर एक-दोन वर्षांनी. स्टेरॉइड थेंबांनी डोळ्यांचा दाब चढण्याची शक्यता या नातेवाइकांत अधिक असते. खाज सुटली की औषधाच्या दुकानातून आणलेल्या बाटलीत अनेकदा तेच असते.

जन्मजात काचबिंदूची गोष्ट वेगळी. 'किती टपोरे डोळे!' म्हणून ज्याचे कौतुक होते, ते बाळ उजेडाला डोळे मिटत असेल, डोळ्यांतून सतत पाणी येत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवावे. मामे-आतेभावंडांच्या लग्नांत हा धोका वाढतो. आईवडील दोघेही त्यामागच्या जनुकदोषाचे वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण दोष पुढे देऊ शकणारे, असतील, तर प्रत्येक पुढच्या बाळाला 25 टक्के शक्यता असते.

रुग्णालयांना व शिबिर भरवणाऱ्यांना एक सूचना : काचबिंदूचे निदान झाले की केसपेपरवर भावंडांची नावे व वये लिहून घ्यावीत आणि प्रत्येकासाठी तपासणीची एकेक चिठ्ठी रुग्णाच्याच हाती द्यावी. भावाचे थेंब मात्र भावाने वापरू नयेत. टिमोलॉल हा स्वस्त, सर्रास दिला जाणारा थेंब दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडू शकतो.

— एक नेत्रचिकित्सक, सांगली