थंडाईचा दुसरा ग्लास

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धुळवड जवळ आली की पुरवण्यांमधून थंडाईची कृती हमखास छापून येते. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी सगळं मोजूनमापून. भांग मात्र ‘आवडीप्रमाणे’. जो एकच घटक मोजायला हवा तोच मोजायचा नाही, हा उलटा न्याय झाला. भांग पोटात गेल्यावर मेंदूत नेमकं काय होतं ते कळलं, तर या शब्दातला धोका दिसेल.

भांग, गांजा, चरस ही एकाच झाडाची रूपं. नशा आणणारा मुख्य रेणू टीएचसी. इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये तो शुद्ध रूपात वेगळा काढून त्याची रचना सांगितली. तो मेंदूत बसतो कुठे, हे समजायला १९८८ उजाडलं. त्या जागेला सीबी-१ रिसेप्टर म्हणतात. आता झाडासाठी निसर्गाने आपल्या डोक्यात खुर्ची कशाला मांडून ठेवावी? ती मुळात आपल्याच एका रेणूची होती. तो १९९२ मध्ये सापडला आणि त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत ‘आनंद’वरून.

सीबी-१ हा प्रामुख्याने निरोप पाठवणाऱ्या चेतापेशीच्या टोकाशी असतो. निरोपांचा मारा वाढला की घेणारी पेशी आनंदामाइड किंवा त्याचा भाऊबंद २-एजी तयार करून उलट दिशेने सोडते. ते सीबी-१वर बसलं की पाठवणाऱ्या पेशीत कॅल्शियमचा शिरकाव कमी होतो आणि पुढचा निरोप मंदावतो. थोडक्यात हा ‘पुरे आता’ म्हणणारा ब्रेक. तो हवा तिथेच आणि अगदी थोडा वेळ लागतो, कारण विकरं हे रेणू लगेच मोडून टाकतात. टीएचसी तसा पटकन मोडत नाही. तो मेंदूभर एकदम ब्रेक लावतो, तोही तासन् तास. आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये लागला की बोलता बोलता वाक्याची सुरुवात विसरते. लहान मेंदूत लागला की तोल जातो. भुकेवर लक्ष ठेवणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये लागला की भूक खवळते. शिवाय काही पेशींचं काम इतरांना शांत ठेवणं हे असतं. त्यांनाच ब्रेक लागला तर शांतीऐवजी धडधड आणि भीती वाढते. थोड्या भांगेने हसणारा माणूस जास्त भांगेने ‘मी मरतोय’ म्हणत हात घट्ट धरून बसतो, त्यामागे मोठा वाटा याचा आहे.

आता तो दुसरा ग्लास. गांजा ओढला तर टीएचसी फुप्फुसातून काही मिनिटांत मेंदूत पोहोचतो. प्यायलेली भांग आधी आतड्यात, मग यकृतात जाते. तिथे टीएचसीचा बराचसा भाग वाया जातो, पण काहीचा ११-हायड्रॉक्सी-टीएचसी बनतो, आणि तोही मेंदूत सहज शिरून तितकीच किंवा अधिक नशा आणतो. असर जाणवायला अर्धा तास ते दोन तास, शिखर दोन ते चार तासांनी, उतरायला सहा-आठ तास किंवा त्याहूनही जास्त. ‘काहीच होत नाहीये’ म्हणून पाऊण तासाने घेतलेला ग्लास पहिल्याच्या चढत्या कमानीवर जाऊन बसतो.

प्रमाणाचं गणित सोपं आहे. वाळलेल्या पानात एक टक्का टीएचसी धरला, तर एका ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम. कॅनडात खाण्याच्या पदार्थाच्या अख्ख्या पाकिटात एवढ्याच टीएचसीला परवानगी आहे! पण पानापानात हे प्रमाण बदलतं आणि गोळा वाटताना फुलांचे शेंडे (म्हणजे गांजा) किती मिसळले, ते वाटणाऱ्यालाही सांगता येत नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं वगळली आहेत, म्हणून भांग ‘निरुपद्रवी’ असा समज पसरला. कायद्याने पान आणि शेंडा वेगळा केला. रेणू तोच आहे.

चढलेली भांग लिंबू, लोणचं किंवा ताकाने उतरत नाही. रिसेप्टरवर बसलेला टीएचसी त्याने उठत नाही, आणि गुंगीतल्या माणसाच्या घशात काही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. शांत खोली, कुशीवर झोपवणं, सोबत एक शुद्धीतला माणूस, एवढं बहुतेकांना पुरतं. छातीत दुखणं, झटके किंवा हाक मारूनही न उठणं दिसलं तर मात्र थेट रुग्णालय गाठावं. नाडी भरभर वाढत असल्याने हृदयरोग्यांनी भांगेच्या वाटेला जाऊच नये. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांचं रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकतं. दारूसोबत घेतल्यास टीएचसीची रक्तातली पातळी आणखी चढते.

मोठ्या माणसाचा श्वास भांगेने सहसा थांबत नाही, कारण श्वास चालवणाऱ्या ब्रेनस्टेममध्ये सीबी-१ फार थोडे असतात. लहान मुलांच्या बाबतीत या भरवशावर राहू नये. चुकून प्यायलेली भांगेची थंडाई मुलाला बेशुद्ध करू शकते आणि त्याचा श्वासही मंदावू शकतो. उलटी करवत न बसता त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावं आणि भांग पोटात गेल्याचं न लाजता सांगावं. ते लपवलं की मेंदूज्वर समजून नको त्या तपासण्यांत वेळ जातो.

यंदा कृती छापलीच, तर ‘आवडीप्रमाणे’ काढून त्या जागी ‘दुसरा ग्लास नको, आणि भांगेचं भांडं मुलांच्या थंडाईपासून वेगळं ठेवा’ एवढं छापावं, ही विनंती.

आपला,
औषधशास्त्राचा एक अध्यापक, पुणे