'मैत्री' योजनेचं ट्रेनिंग झालेल्या पोरीला पशुवैद्यकीय डिप्लोमात पुन्हा पहिल्यापासून का बसवता?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मी आर्वी तालुक्यातला शेतकरी, सहा एकर कापूस-तूर, कोठ्यात तीन गवळाऊ गाई, एक जर्सी क्रॉस अन दोन म्हशी. पेपरात पत्रबित्र लिहायची सवय नाही, मोबाइलवर बोलून टाइप करून राहिलो, तवा शुद्धलेखन तुम्हीच पाहून घ्या.

गोष्ट माझ्या पोरीची आहे पण एकट्या तिची नाही, आमच्या आजूबाजूच्या गावांत असे चार-पाच पोट्टे-पोट्ट्या मी स्वतः ओळखतो. पोरगी बारावी झाली, नर्सिंगला जा म्हटलं तर म्हणे मला माणसांचं नाही जनावरांचं शिकायचं आहे. मग एका खाजगी संस्थेत एक वर्षाचा पशुवैद्यकीय सहाय्यकाचा कोर्स होता तिथे टाकली, फी २८ हजार, तूर विकून भरली. तिथल्या ऑफिसातल्या माणसानं तोंडानं सांगितलं की काका काही काळजी करू नका, हे सर्टिफिकेट असलं की पुढे डिप्लोमाला सरळ सेकंड इयरला घेतात. आपण इचारलं नाही की बाबा कोण घेते, कोणतं कॉलेज घेते, कुठं लिहिलं आहे. ही आपली चूक, कबूल करतो. पण खेड्यातला बाप त्या खुर्चीवरच्या माणसाचं खरं मानतेच न.

त्याच्यानंतर तिनं मैत्रीचं ट्रेनिंग केलं. (गावात 'पोरगी मैत्रीले गेली' म्हटलं की लोक वेगळंच समजत, लय हसलो तेव्हा.) ही मैत्री म्हणजे केंद्र सरकारचं राष्ट्रीय गोकुळ मिशन, जे २०१४ साली सुरू झालं, त्यातली योजना. गावातल्याच पोरापोरींना कृत्रिम रेतन शिकवायचं म्हणजे गाय माजावर आली की दवाखान्याचा माणूस येईल तवा येईल अशी वाट पाहत बसायचं काम नाही. तीन महिन्यांचं ट्रेनिंग, एक महिना वर्गात अन दोन महिने फील्डवर. ते झाल्यावर दीड वर्ष ती जवळच्या दवाखान्यात डॉक्टर साहेबांच्या हाताखाली जाऊन राहिली, लसीकरणाला, जनावरांच्या कानात बिल्ले लावायला, कॅम्पला, पगार नाही बरं का, पेट्रोलचे मिळाले तर मिळाले.

यंदा म्हटलं आता डिप्लोमा करून टाक, पशुधन पर्यवेक्षकाची जागा निघते तेव्हा निदान फॉर्म तरी भरता येईल. गेलो कॉलेजात फाइल घेऊन. तिथल्या बाबूनं एकेक कागद पाहिला, चांगलं वागला तो, चहा पण पाजला, अन मग म्हणे हे सगळं छान आहे पण याचा इथं काही उपयोग नाही, ॲडमिशन घ्यायची तर पहिल्या सेमिस्टरपासून, सगळे विषय, सगळे प्रॅक्टिकल. पोरगी म्हणे सर, निदान रेतनाच्या प्रॅक्टिकलमधून तरी सूट. तो म्हणे तशी तरतूद आमच्याकडे नाही.

साहेब, ती काय काम करते ते तुमच्या वाचकाला सांगतो म्हणजे माझा राग काऊन आहे ते समजेल. मागच्या पोळ्याच्या आधीची गोष्ट, आमच्या शेजारच्या भाऊची कालवड सकाळी माजावर दिसली, हंबरत होती, सोट म्हणजे मागून चिकट स्राव लोंबत होता. भाऊ म्हणे आत्ताच भरव. पोरगी म्हणे काका आत्ता नाही, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, अन संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळी गेली. आधी कालवडीला खोड्यात घेतली, हात कोपराच्या वरपर्यंत धुतले, नखं तर ती कधी वाढूच देत नाही. थर्मासमधलं पाणी थर्मामीटर टाकून पाहिलं, ३७ डिग्री, मग नायट्रोजनच्या डब्यातून चिमट्यानं गोठवलेल्या वीर्याची एक कांडी काढली, आत उणे १९६ डिग्री असते ते, कांडी पाण्यात ३० सेकंद, मोबाइलचं टायमर लावून. मग पुसून कोरडी केली, टोक कापलं, रेतनाच्या गनमध्ये भरून वरून प्लास्टिकची शीथ म्हणजे खोळ चढवली अन ती गन लगेच कपड्याच्या आत अंगाशी धरली, गार लागू नये म्हणून. भाऊ पाहतच राहिला. एवढ्याशा काडीसाठी एवढा खटाटोप, म्हणे. कालवड ठरली. तीन महिन्यांनी हात घालून गाभण असल्याचं तिनंच सांगितलं अन डॉक्टर साहेबांनी नंतर पाहिलं तर बरोबर.

आता हेच तिला कॉलेजात पुन्हा शिकवणार, तेही आधी प्लास्टिकच्या मॉडेलवर. शिकवा, मॉडेल वाईट नाही, पण त्यासाठी तिचं एक पूर्ण वर्ष अन माझी एक वर्षाची फी कशाला?

इंजिनीअरिंगकडे पाहा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या पोराला पॉलिटेक्निकच्या डायरेक्ट सेकंड इयरला घेतात, अन पॉलिटेक्निक झालं की पुन्हा बीईच्या डायरेक्ट सेकंड इयरला. आमच्या गावचा एक पोट्टा फिटरपासून सुरू झाला अन आज पुण्यात इंजिनीअर आहे. म्हणजे लोखंड घासलेले तास मोजले जातात अन गाईच्या मागं उभं राहून काढलेले तास मोजले जात नाहीत, असंच झालं न हे?

बरं सरकारनं मोजायची पट्टी बनवलेली नाही असंही नाही. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात आधीचं शिकलेलं पुढं मोजायचं असंच सांगितलं, २०२१ मध्ये यूजीसीनं अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिटचे, म्हणजे शिकलेल्याचा हिशेब जमा ठेवायच्या खात्याचे, नियम काढले, २०२३ मध्ये नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क आलं. त्यात ३० तास शिकलं की एक क्रेडिट, वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, अन त्यात शाळा-कॉलेजचं शिक्षण, कौशल्याचं ट्रेनिंग अन कामाचा अनुभव हे सगळं एकाच वहीत मांडता येते, फक्त त्याचं मूल्यमापन झालेलं पाहिजे. मी आपला कापसाच्या वजनासारखा हिशेब केला. मैत्रीचे तीन महिने, महिन्याचे २६ दिवस, रोजचे आठ तास धरले तर ६२४ तास होतात. भागिले ३०, वीसच्या वर क्रेडिट. म्हणजे अर्ध्या वर्षाचं शिक्षण झालं हे, त्यात दवाखान्यातलं दीड वर्ष तर धरलंच नाही. अन कॉलेजच्या रजिस्टरात तिच्या नावापुढं शून्य.

माझा आतेभाऊ अमेरिकेत आहे, त्याला फोनवर हे रडगाणं सांगितलं तर तो म्हणे आमच्याकडे पण असंच आहे बाबा. त्याच्या पोरीनं तिकडे व्हेटरनरी असिस्टंटचा कोर्स केला होता, अन मग व्हेटरनरी टेक्निशियनच्या दोन वर्षांच्या कॉलेजला गेली. तिकडे असिस्टंट वेगळा अन टेक्निशियन वेगळा. टेक्निशियनच्या कॉलेजला त्यांची डॉक्टरांची संघटना, एव्हीएमए, मान्यता देते, अन ते पास झाल्यावर व्हीटीएनई नावाची परीक्षा द्यावी लागते. असिस्टंटच्या कोर्सचे क्रेडिट सहसा पुढं चालत नाहीत, कारण कोणकोणतं काम हातानं करता आलं पाहिजे त्याची मोठी यादी असते अन मान्यता असलेल्या कॉलेजनं ते स्वतः तपासून घ्यावं लागते. तिचे इंग्रजी, गणित असे दुसऱ्या कॉलेजात केलेले विषय मात्र धरले. म्हणजे तिकडे पण कोणी मेवा वाटून नाही राहिलं. पण फरक एवढा की तिला हे ॲडमिशनच्या आधी कॉलेजनं ईमेलवर लिहून दिलं होतं, हे चालेल, हे चालणार नाही. आमच्याकडे २८ हजार भरल्यावर, अडीच-पावणेतीन वर्षं गेल्यावर, चहा पिता पिता समजते.

आता कोणी म्हणेल, मग काय ट्रेनिंगवाल्या सगळ्यांना डोळे मिटून सेकंड इयरला बसवायचं? तर नाही. मी स्वतः भोगलं आहे म्हणून सांगतो. चार वर्षांपूर्वी एक बाहेरगावचा माणूस आला, बॅग, गन सगळं होतं त्याच्याजवळ, कुठं शिकला कोणी इचारलं नाही. माझी क्रॉस गाय आधीच गाभण होती अन माज दाखवल्यासारखी करत होती, त्यानं तपासलंच नाही नीट, सरळ गन टाकली, गाय चौथ्या दिवशी गाभडली. त्याचा फोन तेव्हापासून बंद. तेव्हा हात चालते म्हणून सगळं येते असं नसते हे मला कोणी शिकवायची गरज नाही. माझ्या पोरीला औषधांचा डोस, शरीररचना, रोगाचं लक्षण कशावरून ओळखायचं, हे कच्चंच आहे, ती स्वतः म्हणते. लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची हे तिला पाठ आहे पण काऊन ठेवायची हे तिनं डिप्लोमातच शिकलं पाहिजे. ते सगळं शिकवा, पूर्ण शिकवा. पण जे येते त्याची परीक्षा घ्या. एक दिवस बोलवा, खोड्यात गाय उभी करा, बाहेरचा परीक्षक बसवा, पास झाली तर तेवढे क्रेडिट द्या, नापास झाली तर बसेल ती पहिल्यापासून, मी फी भरीन.

अन कायद्याचं म्हणाल तर १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे, त्याच्या कलम ३० मध्ये उपचार करायचा अधिकार नोंदणी झालेल्या डॉक्टरांनाच दिला आहे, ते बरोबरच आहे. पण त्यातच पुढं असंही आहे की डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट असलेल्या माणसाला राज्य सरकार आदेश काढून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, किरकोळ सेवा द्यायची परवानगी देऊ शकते. डिप्लोमा 'किंवा' सर्टिफिकेट. म्हणजे तेव्हा कायदा लिहिणाऱ्यांना सुद्धा सर्टिफिकेटवाला माणूस दिसत होता. अर्थात कोणत्या संस्थेचं सर्टिफिकेट ते महत्त्वाचं, गल्लीतल्या कोणत्याही क्लासचं नाही, अन तिथंच आमच्यासारखे फसतात.

नागपूरला आपलं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, माफसू, २००० सालापासून. राज्यात पशुवैद्यकीचं एवढं एकच विद्यापीठ, अन ते आपल्या विदर्भात, याचा आम्हाला अभिमान आहे. तर त्या विद्यापीठाला अन पशुसंवर्धन खात्याला तुमच्या पेपरातून माझं एवढंच म्हणणं पोचवा. मैत्री, पशुसखी (गावात जनावरांची प्राथमिक काळजी घेणाऱ्या बाया) यांचं ट्रेनिंग, खाजगी संस्थांचे सहाय्यक कोर्स, यांतलं डिप्लोमात काय धरता येते अन काय येत नाही याची यादी मराठीत काढा. काहीच धरता येत नसेल तर तसं ठणकावून लिहा, पण लिहा. अन ती यादी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात भिंतीवर लावा, वेबसाइटवर टाकून आम्हाला दिसत नाही, रेंजच नसते. खाजगी संस्थांनी फी घ्यायच्या आधी तो कागद पोरांच्या हातात द्यायचा अन त्यावर सही घ्यायची.

पोरगी म्हणते बाबा जाऊ द्या, मी पहिल्या वर्षापासून बसते, वय निघून जाईल. मी तिला म्हटलं थांब, ॲडमिशनची शेवटची तारीख यायची आहे, तोवर हे पत्र छापून येऊ दे. तेव्हा साहेब, जागा कमी असेल तर माझ्या गाईची गोष्ट कापा, पण यादीचं मागणं कापू नका.

आपला,
एक पशुपालक
ता. आर्वी, जि. वर्धा