पडद्यावर २५, टाकीतून ४०: भरकटलेल्या अंतराळयानाच्या खेळाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(खेळ तयार करणारी व विकणारी कंपनी)

विषय: चौथ्या प्रकरणात खेळ कायमचा अडकणे, सेव्ह फाइल नष्ट होणे व संवादांतील चूक यांबाबत. दुरुस्ती किंवा पूर्ण परतावा मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

घरापासून तुटलेल्या अंतराळयानाची कप्तानी करण्याचा आपला खेळ आम्ही तिघांनी आपल्याच ऑनलाइन दुकानातून विकत घेतला. तीन वेगळ्या संगणकांवर तो चौथ्या प्रकरणापर्यंत नेला आणि तिघांचाही खेळ एकाच ठिकाणी, एकाच कारणाने अडकला. आपल्या मदत विभागाने दोनदा एकच उत्तर पाठवले: खेळ मुद्दाम अवघड ठेवला आहे, नव्याने सुरुवात करून पाहा.

अवघडपणाबद्दल आमची तक्रार नाही. इंधन पुरू नये, माणसे गमवावी लागावीत, कप्तानाचा निर्णय चुकावा आणि त्याची किंमत मोजावी लागावी, यासाठीच असे खेळ घेतले जातात. पण आपला खेळ चुकीचा आकडा दाखवून निर्णय घ्यायला लावतो, हार पक्की झाल्यावरही पाच-सहा तास खेळवत ठेवतो आणि मागे फिरण्याची वाट स्वतःच पुसून टाकतो. याला अवघड म्हणत नाहीत, हा दोष आहे. तो कुठे आहे हे आम्ही मोजून पाहिले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

नकाशावर उडीच्या बटणावर माउस नेला की ‘लागणारे इंधन २५’ असे दिसते. यानाचे कवच ५० टक्के किंवा त्याहून जास्त शाबूत असेल तर खरोखर २५ कापले जातात. कवच ५०च्या खाली गेले की ६० टक्के जादा इंधन लागते, म्हणजे ४०. हा नियम असायला हरकत नाही, फुटके कवच घेऊन उडी मारणे महाग पडणारच. पण तो खेळात कुठेच लिहिलेला नाही, आणि टूलटिपमध्ये कवच ४९ टक्के असो वा १२, आकडा २५च राहतो (टूलटिप म्हणजे बटणावर माउस नेल्यावर दिसणारी पाटी).

पडताळणीसाठी एवढे करावे. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, इंधन ७० आणि कवच ५२ टक्के असताना सेव्ह फोल्डरची प्रत काढून ठेवावी. लगेच उडी मारली तर पलीकडे ४५ इंधन उरते. आता तीच प्रत परत लावून तीन दिवस थांबावे. यान दिवसाला १ इंधन खाते आणि कवच दिवसाला १ टक्का झिजते, म्हणजे इंधन ६७ आणि कवच ४९. उडी मारावी. पडद्यावरच्या हिशेबाने ४२ उरायला हवेत, उरतात २७.

आता चौथे प्रकरण पाहा. तेजोमेघ ओलांडायला ९ दिवस लागतात, ते टाळता येत नाहीत. वाटेतल्या लघुग्रहांवरून मिळणारे इंधन सगळे मिळून १२. कवचाच्या एका टक्क्याला ४ मिश्रधातू लागतात आणि या प्रकरणात मिश्रधातू मिळतो फक्त २०, म्हणजे जास्तीत जास्त ५ टक्के दुरुस्ती. ४५ इंधन आणि ५२ टक्के कवच घेऊन आलेला कप्तान पलीकडच्या टोकाला ४८ इंधन आणि ४८ टक्के कवचावर पोहोचतो. त्याचेही ४० कापले जातात, पण तो सुटतो. २७ आणि ४९ घेऊन आलेला पोहोचतो ३० इंधन आणि ४५ टक्क्यांवर. बटणावर लिहिलेले असते २५. आपल्याकडे पाच जादा आहेत असे समजून तो बटण दाबतो आणि ‘इंधन अपुरे’ एवढी एक ओळ येते. का अपुरे, किती अपुरे, काही नाही.

तीन दिवसांचा फरक. ते तीन दिवस तरी कुठे गेले? तिसऱ्या प्रकरणात जखमी अभियंत्याच्या प्रसंगात ‘तिच्यासाठी थांबू’ हा पर्याय आहे आणि त्याखाली ‘थोडा वेळ जाईल’ असे लिहिले आहे. हा थोडा वेळ म्हणजे नेमके तीन दिवस. आपल्या खेळातला हा सर्वांत चांगला प्रसंग आहे, हे मनापासून सांगतो. वीज वाचवण्यासाठी मार्गिकेतले दिवे एकाआड एक बंद केलेले, उपचारकक्षाच्या दाराबाहेर चौघे जमिनीवर बसलेले, आणि एकाच्या हातात तिची हत्यारांची पेटी, जी तो संपूर्ण दृश्यभर खाली ठेवत नाही. ज्याने हे लिहिले त्याला माणसे कळतात. आणि याच प्रसंगात माणुसकीने वागणारा कप्तान एका चुकलेल्या टूलटिपमुळे पाच तासांनी न सांगता बुडवला जातो. किंमत जरूर लावा, तीन दिवसांऐवजी पाच लावा, पण ती पाटीवर लिहा.

एफटीएल हा २०१२ सालचा अंतराळयानाचा खेळ आपल्या खेळाडूंना नक्की माहीत आहे. तोही निर्दय आहे, यान गेले की डाव संपला. पण तिथे प्रत्येक उडीला एक इंधन लागते हे पहिल्या मिनिटापासून कळते. इंधन संपलेच तर संकटाचा संदेश चालू ठेवून वाट पाहता येते. मदत येईल, शत्रू येईल, पण डाव चालू राहतो. शिवाय तो डाव साधारण दोन तासांचा असतो. आपला तीस तासांचा आहे. दोन तासांच्या खेळाचा कठोरपणा तीस तासांच्या खेळात आणायचा असेल, तर हिशेब त्याहून स्वच्छ हवा.

खऱ्या संकटातही हेच दिसते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ या अमेरिकी चांद्रमोहिमेच्या यानातील ऑक्सिजन टाकीचा स्फोट झाल्यावर दोन माणसांसाठी सुमारे ४५ तासांच्या हिशेबाने बांधलेल्या चांद्रयानात (चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानात) तीन माणसांना सुमारे ९० तास काढावे लागले. विजेचा वापर साधारण १२ अँपिअरपर्यंत खाली आणला गेला. कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे हे मापकावर दिसत होते, म्हणूनच मुख्य यानाचे चौकोनी गाळणीडबे चांद्रयानाच्या गोल जोडणीला प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टीने जोडायची वेळ केव्हा येणार हे त्यांना आधीच कळले. काय उरले आहे आणि ते कुठवर पुरेल हे ठाऊक होते, म्हणून निर्णय घेता आले. मापकावर १२ लिहून तारेतून २० जात असते तर तिथे कोणाचीही हुशारी चालली नसती.

आता सेव्हबद्दल. खेळात ऑटोसेव्हचा, म्हणजे प्रगती आपोआप साठवण्याचा, एकच स्लॉट (जागा) आहे, आणि तो उडी मारण्याआधी नव्हे, उडी संपल्यावर लिहिला जातो. म्हणजे ज्या क्षणी हार पक्की होते त्याच क्षणी मागची शाबूत प्रत पुसली जाते. हाताने सेव्ह करण्याची सोय नाही. निर्णयांना वजन राहावे हा त्यामागचा विचार आम्हाला समजतो, पण त्यासाठी खेळाडूची एकमेव प्रत पणाला लावण्याची गरज नाही. सक्तीचा एकच सेव्ह हा वेगळा मोड म्हणून देता येतो, एक्सकॉम या युद्धनीतीच्या खेळात तो आयर्नमॅन या नावाने निवडायचा असतो.

त्याहून गंभीर बाब फाइल लिहिण्याच्या पद्धतीची. जुनी फाइल आधी रिकामी केली जाते आणि मग त्याच फाइलमध्ये नवीन माहिती भरली जाते. मोठ्या नकाशावर याला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात लाइट गेली की हातात राहते शून्य बाइटची फाइल. महाराष्ट्रात यूपीएसशिवाय डेस्कटॉप वापरणाऱ्याला ही शक्यता दूरची नाही, पावसाळ्यात तर नाहीच. मुद्दाम पाहण्यासाठी ऑटोसेव्हचे चक्र फिरत असताना आम्ही टास्क मॅनेजरमधून खेळ बंद केला. दहापैकी चार वेळा फाइल शून्य बाइटची झाली. पुढे आणखी वाईट घडते: खेळ पुन्हा सुरू केला की क्लाउड (सेव्हची प्रत इंटरनेटवर ठेवणारी सोय) ती रिकामी फाइल नवीन तारखेची म्हणून वर चढवतो आणि वरची चांगली प्रतही जाते. आपल्या मदत विभागाने खेळ काढून पुन्हा टाकायला सांगितले होते. त्याने काहीच होत नाही, कारण नव्याने टाकल्यावर क्लाउड तीच रिकामी फाइल खाली आणून देतो. ‘फाइल्स तपासा’ या पर्यायाचाही उपयोग नाही. तो खेळाच्या फाइल तपासतो, सेव्हला हातही लावत नाही.

यावरचा उपाय सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना नवा नाही. नवीन माहिती आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहायची, ती डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री करायची, आणि मगच तिचे नाव बदलून जुन्या फाइलच्या जागी आणायची. मध्येच वीज गेली तरी जुनी किंवा नवी, एक तरी फाइल अखंड राहते. मागच्या तीन प्रती फिरत्या ठेवाव्यात. चेकसम (फाइल अखंड आहे का हे तपासण्याचा आकडा) जुळत नसेल किंवा फाइल रिकामी असेल, तर ती क्लाउडवर पाठवू नये. हे काम एका प्रोग्रामरचे काही दिवसांचे आहे, खेळाचा समतोल त्यात कुठेच बदलत नाही.

दरम्यान आम्ही वापरत असलेली पद्धत आपल्या मदत विभागाने इतर ग्राहकांना कळवावी, निदान त्यांचे तास वाचतील. प्रत्येक उडीआधी खेळ पूर्ण बंद करायचा, क्लाउड बंद ठेवायचा, सेव्हचे संपूर्ण फोल्डर तारखेसह दुसरीकडे उतरवून ठेवायचे. तिसऱ्या प्रकरणातून निघताना कवच ५० टक्क्यांच्या वर आणि इंधन ६५ तरी हवे. अभियंत्यासाठी थांबायचे असेल तर आधी कवच ५३च्या पुढे न्यावे, १२ मिश्रधातूंत तीन दिवसांची झीज भरून निघते.

तिसरी बाब लहान वाटेल, पण आम्हाला ती सर्वांत जास्त लागली. दुसऱ्या प्रकरणात बाहेरच्या मोहिमेवर फाशांच्या, म्हणजे नशिबाच्या, हिशेबाने मेलेला अधिकारी चौथ्या प्रकरणातल्या बैठकीत खुर्चीवर बसून इंधनाबद्दल मत देतो. कथेतल्या ठरलेल्या प्रसंगात तो मेला तर असे होत नाही, फक्त मोहिमेवर मेला तरच होते. यावरून आमचा अंदाज असा, की मोहिमेतला मृत्यू कर्मचाऱ्यांच्या यादीत नोंदला जातो, पण संवादांची यंत्रणा ती यादी न पाहता स्वतःची वेगळी नोंद पाहते. दोन्हींसाठी एकच नोंद ठेवावी. या माणसाचा निरोपाचा प्रसंग खेळाडूने पाहिलेला असतो, त्याची रिकामी केबिन कोणाला द्यायची हेही ठरवलेले असते. त्यानंतर तो बोलायला लागला की मागचे सगळे खोटे पडते.

परताव्याबद्दल. आपल्या दुकानाचा नियम खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचे २ तास असा आहे. वर दिलेला दोष अठराव्या तासाच्या आधी दिसूच शकत नाही, त्यामुळे तो नियम पुढे करून परतावा नाकारणे आम्हाला मान्य नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील ई-कॉमर्स नियम, २०२० डिजिटल उत्पादनांनाही लागू होतात. त्यांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर जिल्हा आयोगाकडे जाऊ. पैशांपेक्षा खेळ दुरुस्त झालेला आम्हाला जास्त हवा आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

मागणी अशी: उडीच्या टूलटिपमध्ये कवचाच्या स्थितीनुसार खरा आकडा आणि त्याचे कारण दिसावे. ऑटोसेव्ह उडीच्या आधी व्हावा आणि किमान तीन स्लॉट असावेत. सेव्ह लिहिण्याची पद्धत वर सांगितल्याप्रमाणे बदलावी. इंधन संपल्यावर काहीतरी मार्ग असावा, कितीही महाग असला तरी चालेल: एखादा कक्ष मोडून इंधन करणे, सौदा करणे, कोणाला मागे ठेवणे. मार्ग उरलाच नसेल तर खेळाने तसे सांगून डाव संपवावा. हे सगळे पुढच्या पॅचमध्ये किती तारखेपर्यंत येईल ते लेखी कळवावे. तशी तारीख देता येत नसेल तर तिघांचीही पूर्ण रक्कम परत करावी.

सोबत दोन्ही चाचण्यांच्या सेव्ह फाइल, शून्य बाइटच्या चार फाइल, क्लाउडच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आणि मृत अधिकाऱ्याच्या संवादाचा ४० सेकंदांचा व्हिडिओ जोडला आहे. ऑर्डर क्रमांक व संपर्क तक्रार अर्जात स्वतंत्रपणे भरले आहेत. आपल्या प्रोग्रामरना आणखी काही तपासून हवे असल्यास त्यांनी थेट विचारावे. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटाच्या अकरा वेगवेगळ्या प्रती आमच्याकडे जपून ठेवलेल्या आहेत.

आपले विश्वासू,
तीन ग्राहक, पुणे