हनुमानाची आई

पुणे, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय दिग्या,

दोन वर्षं फोन नाही आणि एकदम पत्र, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. फोन दोनदा हातात घेतला होता. पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस, आणि हे मला एका दमात सांगायचंय. तब्येत ठीक. साखर उपाशीपोटी थोडी वर, जेवणानंतरची विचारू नकोस.

आम्ही जाऊन आलो. शैला गेली तीस वर्षं म्हणत होती, "तुमचं ते अरुणाचलातलं सियांग सियांग एकदा दाखवा तरी, सवतीला बघू दे." निवृत्तीनंतर सबब उरली नाही. दिब्रुगडहून गाडी केली. आता बोगीबीलचा पूल झालाय, पाच किलोमीटरला जेमतेम कमी, २०१८च्या नाताळात सुरू झाला. आपण फेरीची वाट बघत वाळूत बसायचो, तू ती रुतलेली जीप ढकलताना नवी कोरी कोल्हापुरी ब्रह्मपुत्रेला अर्पण केलीस, हे सगळं मी शैलाला सांगायला घेतलं आणि चप्पल वाहून जाण्याआधीच पूल संपला. रुकसिनच्या गेटवर अरुणाचलात शिरायचं इनर लाइन परमिट मोबाइलवर दाखवलं. घरबसल्या मिळतं आता.

शाळेबद्दल लिहीत नाही. दुमजली आहे, फणस तोडलाय, बास.

आपला विद्यार्थी हनुमान गावबुढा, म्हणजे गावप्रमुख, झालाय! सरकारी लाल कोट घालून रस्त्यावर उभा होता. पन्नाशीला आलाय, पोट सुटलंय, झाडावर चढायचं आता झाडानेच मनावर घ्यायला हवं. भर रस्त्यात पाया पडला. घर अजून बांबूचंच, खांबांवरचं. जमिनीच्या फटीतून शैलाचं पेन खाली डुकरांत पडलं, ते हनुमानाच्या नातवाने धुऊन आणून दिलं. चुलीवरच्या माळ्यातून काढलेलं धुरकट डुकराचं मांस, बांबूचे कोंब, आणि काळी आपोंग, त्यांची भाताची दारू. जेवण्याआधी हनुमानाने डोळे मिटून खणखणीत 'ब्रह्मार्पणं' म्हटलं. समोर डुक्कर! तू असतास तर मला चिमटा काढला असतास. मी फक्त भात आणि पालेभाजी खाल्ली, शैलाने मात्र सगळं. आपोंगही. हो, मीही घेतली. तीन वर्षं व्रत पाळलं आणि बासष्टाव्या वर्षी मोडलं. कडू कॉफीसारखी लागते. तू चोरून प्यायचास हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता मूळ गोष्ट.

हनुमानाची आई आहे अजून. ऐंशीच्या पुढची, चुलीशी बसलेली, दृष्टी अधू. ती काहीतरी बोलली. पणतू, वय वर्षं सहा, तिच्याकडे बघत राहिला आणि आजोबांना म्हणाला, "ये क्या बोलती है?" हनुमानाने हिंदीत सांगितलं, पोराने हिंदीत उत्तर दिलं, हनुमानाने ते त्यांच्या आदी भाषेत म्हातारीला सांगितलं. एका चुलीभोवती बसलेली माणसं, दिग्या, आणि मध्ये दुभाषा. मग हनुमान माझ्याकडे वळून काय म्हणाला माहितीये? "सर, मेरा घर में सब शुद्ध हिंदी बोलता है। आप सिखाया ना!" चेष्टा नव्हती. छाती फुगली होती त्याची.

शैलाने रात्री विचारलं, "तुम्ही म्हणजे नक्की काय शिकवलंत?" सांगावी लागली ती पाटी. आदीत बोलेल त्याच्या गळ्यात, दुसरा कुणी सापडेपर्यंत. संध्याकाळच्या प्रार्थनेला ज्याच्या गळ्यात, त्याने रात्रीची पातेली घासायची. तिने विचारलं, "वरून हुकूम होता?" नव्हता. माझीच अक्कल. आपण धर्मकार्याला आलोय, यांचं जे आहे ते जपायला आलोय, असं रोज सकाळी सांगायचो आणि दुपारी पाटी अडकवायचो. शैला काही बोलली नाही. शैला बोलली नाही की काय होतं ते तू जाणतोस.

तिला एक मात्र सांगितलं नाही. पहिल्या पावसाळ्यात हनुमान तापाने फणफणला होता, आणि रात्रभर "आसी, आसी" म्हणत होता. पाणी दिलं मी, नाही असं नाही. आणि सकाळी पाटी घातली. तू ती चुलीत टाकलीस. मी दुसरी केली. मग आपलं जे काही भांडण झालं ते सबंध वसतिगृहाने ऐकलं, मराठीत! आपल्या गळ्यात कोण घालणार होतं पाटी?

तू फेब्रुवारी ८७मध्ये, अरुणाचल राज्य झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, माझा शिरा न खाता निघून गेलास. मी सगळ्यांना मलेरिया सांगितलं. आजवर तेच सांगत आलोय. तुझ्या साठीच्या कार्यक्रमातल्या भाषणातसुद्धा तेच सांगितलं, आणि तू खाली बसून हसत होतास.

बाकी तिथे आपल्या काळाहून दोन्यी-पोलोचा, त्यांच्या सूर्य-चंद्राच्या धर्माचा, जोर वाढलाय. तालोम रुक्बोंनी ८६ला त्याची संघटना काढली तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. आता गावोगावी त्यांचं गांगिंग, म्हणजे प्रार्थनाघर, आहे, रविवारी सगळे जमून आदीत प्रार्थना म्हणतात. गावात समोरासमोर चर्च आणि गांगिंग, आणि हनुमानाच्या घरात आपलं ब्रह्मार्पणं.

निघताना म्हातारीने माझं मनगट धरलं. घट्ट. आणि बोलायला लागली. शैला व्हिडिओ काढतच होती, ३८ सेकंदांचा आहे. मला फक्त 'आसी' कळलं, दोनदा. मी हनुमानाला विचारलं तर तो हसला, "बुढ़िया है सर, ऐसे ही बोलता है," म्हणून तिचा हात सोडवला. तिच्याच शेजारी पाण्याचा तांब्या भरलेला होता.

शैला म्हणते, धरणाचं बोलत असेल. तिथे सगळ्यांच्या तोंडी तेच आहे. सियांगवर ११ हजार मेगावॅटचं धरण घाटतंय, गावं पाण्याखाली जातील म्हणून लोक पेटलेत. म्हातारीही पेटली असेल. पण मग हनुमान हसला का? आणि माझंच मनगट का? शैलालाही नमस्कार केला तिने, पण नुसता लांबून. आठ दिवस झाले, मी तो व्हिडिओ रात्री बाथरूममध्ये जाऊन लावतो. काल शैलाने दारावर टकटक केली, तिला वाटलं मला काही होतंय.

बरं, तुझं कसं आहे? गुडघ्याचं ऑपरेशन कर, टाळू नकोस. वहिनींचा मोतीबिंदू झाला का? म्युनिकची नात बोलायला लागली म्हणे. कुठल्या भाषेत, ते विचारत नाही.

शैला तो व्हिडिओ वहिनींच्या मोबाइलवर पाठवतेय, तुझ्या डबड्यात उघडणार नाही. तुझी ती दोनशे पानी वही काढ, जी मी 'वेळेचा अपव्यय' म्हणून सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती. आणि हनुमानाचं खरं नाव लिहून पाठव. शैलाला अल्बमात फोटोखाली लिहायचंय, आणि मला ते तीन वर्षांच्या हजेरीत रोज घेऊनही आठवत नाहीये.

व्हिडिओ नीट ऐक. धरणाचं असेल तर लगेच फोन कर, रात्री कितीही वाजता. दुसरं काही असेल, तर पत्र लिही.

तुझा,
नाना