बिशपच्या हातात काय असतं?

नागपूर

प्रिय अमोल,
सप्रेम सलाम.

आजीने फोनवर दृढीकरणाचं (बाप्तिस्मा झालेल्याने आपला विश्वास स्वतः कबूल करायचा आणि बिशपने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, तो विधी) विचारलं आणि तू म्हणालास, "पाळकसाहेब दर रविवारी आशीर्वाद देतातच, मग बिशपच्या हातात वेगळं काय असतं?" तेव्हापासून आजी फुगून बसली आहे. मला मात्र प्रश्न उद्धट वाटला नाही. आपल्या घराण्यात तो फार जुना आहे.

तुझे पणजोबा स्कॉटिश मिशनचे. त्या मिशनचे हिस्लॉपसाहेब १८४५ साली नागपुरात आले. त्या मिशनच्या मंडळ्यांत, म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चांत, सगळ्यांवरचा असा बिशप नव्हताच. कारभार पाळक आणि मंडळीचे वडील मिळून बघायचे. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला, सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि आपल्यालाही बिशप मिळाले. पणजोबा म्हणे कितीतरी दिवस कुरकुरत होते, इतकी वर्षं आपलं काय अडलं होतं?

अडलं काहीच नव्हतं. आशीर्वाद मुळात बिशपचा नसतोच. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अहरोन याजकाने आणि त्याच्या मुलांनी काय म्हणायचं ते शब्दाशब्दाने सांगून ठेवलंय, आणि शेवटी देव म्हणतो की त्यांनी माझं नाव लोकांवर ठेवावं, आशीर्वाद मी देईन. यरुशलेमजवळच्या एका थडग्यात १९७९ साली चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या, त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले. ताईतासारख्या गळ्यात घालत असावेत. म्हणजे आशीर्वादाचा ताईत करायची हौस आपल्या आजीच्याही अडीच हजार वर्षं आधीची!

बायबलातल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला शोमरोनचा जादूगार शिमोन आठवतो ना? येशूचे प्रेषित पेत्र आणि योहान हात ठेवतात तेव्हा लोकांना पवित्र आत्मा मिळतो हे पाहून तो पैसे घेऊन आला, ही शक्ती मलाही द्या म्हणाला. पेत्राने त्याला चांगलाच झाडला.

पण तोच अध्याय नीट वाच. शोमरोनी लोकांचा बाप्तिस्मा फिलिप्पाने आधीच केला होता. तरी यरुशलेमहून दोन प्रेषित मुद्दाम तिथवर आले. का? यहूदी आणि शोमरोनी यांच्यात तर साधं पाणी देण्याघेण्याचीही पंचाईत. मी त्याचा अर्थ असा लावतो की ते हात डोक्यावर पडले तेव्हा त्या लोकांना कळलं, आपली पंगत वेगळी नाही. आपल्या मुलखातल्या माणसाला हे आणखी समजावून सांगायला नको. आपल्या पाळकसाहेबांनी तुझा बाप्तिस्मा केला तो आपल्या मंडळीत. बिशप हात ठेवतो तेव्हा आपल्या रस्त्यापलीकडची, आपण कधी न पाहिलेली मंडळीही म्हणते की हा आमचा. म्हणून तर बिशपही एकट्याने बिशप होत नाही. हात ठेवायला तीन तरी बिशप हवेत, हा नियम ३२५ साली निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेपासूनचा.

आता तुझा न विचारलेला प्रश्न. बिशपच धड नसला तर? मंडळीतलं राजकारण तू लहानपणापासून ऐकत आलायस, मी काय लपवणार! उत्तर आफ्रिकेत चौथ्या शतकात यावरूनच मोठी फूट पडली होती, आणि तिथल्या बिशप ऑगस्टिनच्या काळातही ती मिटली नव्हती. तो म्हणाला, पाट दगडाचा असला तरी पाणी पलीकडच्या वाफ्याला पोचतं. दगडाचं काही उगवत नाही, तो त्याचा प्रश्न. मला हे पटतं. बिशपला जाब जरूर विचारावा, सभेत उभं राहून विचारावा. पण आशीर्वाद त्याच्या खात्यावर मांडू नये.

माझं दृढीकरण मे महिन्यात झालं. आईने डोक्याला खोबरेल चोपडलेलं, वरून नागपूरचं ऊन. बिशपसाहेबांनी माझं नाव घेतलं, दोन्ही हात डोक्यावर ठेवले, प्रार्थना केली आणि पुढच्या मुलाकडे वळताना हळूच झग्याला हात पुसले. मला हसू आलं. पण माझं नाव इतक्या सावकाश त्याआधी कुणी घेतलं नव्हतं.

आजीसाठी म्हणून हो म्हणू नकोस. गुडघे टेकून जे कबूल करायचं ते तुझं तुलाच पाळायचं आहे. तयारीचे वर्ग पाळकसाहेब व्हिडिओ कॉलवर घेतो म्हणालेत. नाव देऊ की नको, ते रविवारच्या उपासनेआधी कळव. काहीही ठरव, पण आधी आजीला फोन कर.

तुझे,
पप्पा