आई-बाबा, शनिवारी गाडी पाठवतेय

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "बघू, बघू" म्हणतात आणि आई विषय बदलते, म्हणून लिहून पाठवतेय. शनिवारी सकाळी गाडी येईल. तुम्ही दोघांनी पुण्याला यायचं, हे आम्ही ठरवून टाकलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं याचा राग येईल, येऊ दे. पण बाबांच्या सीएमएमएलची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, इंजेक्शनं लागोपाठ 7 दिवस घ्यायची असतात आणि 28 दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. फरक दिसायला चार-सहा फेऱ्या जातात. दर वेळी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून यायचं, तेही पावसात, हे मला बघवणार नाही. अप्पाकाकांच्या वेळेला काय झालं, ते आपल्या तिघांना माहीत आहे.

बाबा, त्या दिवशी आई आत गेल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "हे तुम्हा मुलांना तर नाही ना जायचं?" ते डोक्यातून जात नाहीये. नाही जाणार, बाबा. बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या मज्जेतल्या, 20 पेशी रंगवून त्यांची गुणसूत्रं मोजली, त्यातल्या 12 पेशींत आठव्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन निघालं. हा बदल फक्त मज्जेतल्या पेशींमध्ये आणि उतारवयात झालाय. तो आजोबांकडून आलेला नाही, तुमच्याकडून आम्हाला मिळालेला नाही, आणि तंबाखू-दारूला कधी न शिवलेल्या माणसाने स्वतःला दोष देण्यासारखं त्यात काही नाही.

शेजारच्या काकांना नुसत्या गोळ्या, मग मला सुया का, हेही विचारलं होतंत. त्यांच्या आजारात, सीएमएलमध्ये, 9 आणि 22 या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदललेले असतात. ते बिघडलेलं गुणसूत्र 1960 साली फिलाडेल्फियात सापडलं, 1973 मध्ये जॅनेट रौली यांनी ती अदलाबदल ओळखली आणि 2001 मध्ये नेमकी त्यावरची गोळी बाजारात आली. तुमच्या रिपोर्टात ती अदलाबदल नाही, म्हणून ती गोळी तुम्हाला लागू नाही. सीएमएमएल हा वेगळा आजार आहे, मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाढण्याचा, आणि तसा दुर्मीळ. त्यात 100 पैकी 20-30 जणांच्याच गुणसूत्रांत बदल दिसतो. कुणाचं नुसतं वाय गुणसूत्र गळतं, ते सौम्य मानतात. तुमच्यासारखा बदल असला की डॉक्टर जरा जास्त सावध असतात. घाईचं कारण तेवढंच, आई, तू रात्र रात्र जागू नकोस.

खोली तळमजल्यावरची आहे, बाथरूम लागून, कमोड आहे, दांडी बसवून घेतलीय. खिडकी पूर्वेला, पूजेला ऊन येईल. तुझे देव घेऊन ये. तांदूळ मात्र आणू नकोस, उकडे इथे मिळतात. मेतकूट आण. तुळशीला आणि मांजरीला वहिनी बघणार आहे, तिच्याशी बोलणं झालंय.

बाबा, मला गोवर आला होता तेव्हा तुम्ही कंदिलाजवळ जाऊन थर्मामीटर झटकायचे, पारा उतरला की नाही ते डोळे बारीक करून बघायचे, मग माझ्या काखेत ठेवून त्यावर हात दाबून बसायचे. तो हात मला अजून कळतो. आता ताप मी बघणार.

तोवर ऐका. 100.4 च्या वर ताप गेला तर रात्री दोनलासुद्धा फोन करायचा, "सकाळी बघू" नाही. दुखलं म्हणून अ‍ॅस्पिरिन नको, कुणाचा काढा नको. सगळे रिपोर्ट आणि बोन मॅरोच्या काचा हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नकोत. आणि आई, तुझी बीपीची गोळी विसरू नकोस, बाबांच्या नादात तीच राहते.

गाडी सातला येईल. घाटाआधी बाबांना थोडं खायला घाल.

तुमची,
सुमी